तिसऱ्या मजल्यावरची सामाजिक उद्योजकता

७ जुलै, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. ही वही कुणाला दाखवायची नाही. स्वतःशी प्रामाणिक राहण्यासाठी लिहायची. प्रामाणिकपणा मला जड जात नाही, म्हणून रोज अर्धं पान पुरेल.

बावीस वर्षं बिझनेसच्या मुलांना मार्केटिंग शिकवलं. मुलं साबण विकायला शिकली, पण साबणाने हात कोण धुतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते आता बदलणार. या सेमिस्टरपासून मी त्यांना सोशल आंत्रप्रेन्युअरसारखा विचार करायला शिकवणार. आधी माणसाची अडचण बघायची, मग धंदा उभा करायचा, आणि धंद्याने ती अडचण दूर व्हायला हवी. कोर्सचं नाव 'ऐकण्याची कला'. डायरेक्टर मॅडम मीटिंगमध्ये काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात मला नाव सुचलं आणि मी ते लगेच सांगून टाकलं. त्यांचं सांगायचं राहून गेलं.

७ जुलै. दुपारी
मॅडमनी बोलावून घेतलं. त्यांची एक अट आहे. रिपोर्ट नको, पोस्टर नको. सेमिस्टर संपेपर्यंत एका खऱ्या माणसाच्या आयुष्यात एक खरी गोष्ट बदललेली दिसली पाहिजे. दिसली तर कोर्स कायम, आणि पुढे या विषयाचं वेगळं केंद्र उघडायचं ठरलं तर प्रमुख म्हणून माझा विचार होईल. नाही दिसली तर कोर्स बंद, आणि पुढच्या सेमिस्टरला मला पहिल्या वर्षाचं बिझनेस कम्युनिकेशन. म्हणजे रजेचा अर्ज कसा लिहावा, हे वर्षातून चार वेळा.

एकच माणूस! मी हसलोच. मी हजार म्हणणार होतो.

केंद्रप्रमुखाच्या नावाची पाटी कुठे लावायची ते बघून ठेवलं. खिडकीशेजारी.

८ जुलै, मंगळवार
पहिला तास. एकतीस विद्यार्थी. सकाळी लिफ्टमध्ये मी एकटाच असतो, त्यामुळे आरशात बघून सुरुवातीचं वाक्य घोटता आलं. वॉचमन सलाम ठोकून दार उघडतो. तिसऱ्या मजल्यापर्यंतची ती चाळीस सेकंदं माझ्या चिंतनाची.

'दुसऱ्याचं ऐकणं' या विषयावर पावणेदोन तास बोललो. प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं ठेवली होती, ती समारोपाला लागली. शेवटच्या रांगेतली एक मुलगी पूर्ण वेळ हात वर करून बसली होती. दारात गाठून म्हणाली, "पण सर..." म्हटलं, पुढच्या तासाला. तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर'ने सुरू होतं, असं इतर मुलं म्हणाली. मीही तिला आता पण-सर म्हणणार. पहिल्या रांगेत एक हुशार मुलगा आहे, तो कशावरही स्लाइड बनवतो. तो स्लाइड.

१२ जुलै, शनिवार
आमची ही फिजिओथेरपिस्ट. दवाखान्यातल्या गोष्टी ती घरी सांगते आणि मी पेपर वाचत त्या ऐकतो. आज म्हणाली, तुमच्या कॉलेजातल्या झाडूवाल्या मावशी दर शनिवारी गुडघा दाखवायला येतात. मी विचारलं, कोणत्या मावशी? ती म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरच्या, तुझा वर्ग रोज पुसतात त्या. वरच्या नळाला सकाळी पाणी चढत नाही, म्हणून रोज सहा बादल्या खालून जिन्याने न्याव्या लागतात. असंच चाललं तर गुडघा दोन-तीन महिन्यांत साथ सोडेल, आणि मग कामही सुटेल. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

मी पेपर खाली ठेवला. मनात लख्ख प्रकाश पडला. एक खरा माणूस! आणि शोधायला बाहेरही जायला नको.

ही म्हणाली, "तू त्यांना विचारणार आहेस का, काय केलं तर बरं होईल?"

म्हटलं, विचारण्याचीसुद्धा एक मेथडॉलॉजी असते.

१५ जुलै, मंगळवार
मुलांना अडचणी सुचवायला सांगितल्या. समुद्रातलं प्लास्टिक, वाळवंटातली शाळा, अंतराळातला कचरा. मी म्हटलं, मित्रांनो, लांब कशाला जाता, आपल्या जिन्यात बघा. वर्ग थक्क झाला. असं निरीक्षण एका दिवसात येत नाही, असंही मी त्यांना सांगितलं. हिचा उल्लेख केला नाही, विषय लांबला असता.

सकाळी मावशींना मुद्दाम निरखलं. मी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा त्या दोन बादल्या घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर होत्या. मी वर पोचून, केबिनचं कुलूप काढून, दुपारच्या तासाचे कागद लावून बाहेर आलो तरी त्या दुसऱ्या मजल्यावरच. वेळेचं नियोजन हाही एक प्रश्न दिसतो. नोंद केली.

२२ जुलै, मंगळवार
सर्व्हे तयार. सेहेचाळीस प्रश्न, फोनवर भरायचा. मावशींचे हात ओले होते आणि फोन बटणांचा, म्हणून स्लाइडने त्यांच्या वतीने भरून टाकला. निकाल: प्रतिसादकांची संख्या एक, समाधान ब्याऐंशी टक्के. स्लाइडने लगेच त्याचा गोल तक्ता काढला.

पण-सर म्हणाली, पण सर, उरलेल्या अठरा टक्क्यांत काय आहे? म्हटलं, तिथेच तर आपली संधी आहे.

उपाय मला सुचलेलाच होता. चाकांची ट्रॉली. सहा बादल्या एका खेपेत. आधी उपाय आणि मग सर्व्हे, असा माझा क्रम झाला खरा, पण अनुभवी माणसाचं असंच होतं.

२९ जुलै, मंगळवार
ट्रॉलीचं नाव ठरवण्यात तास गेला. 'सुगम' ठरलं. लोगोत चाक असावं की बादली, यावर वर्गात दोन तट पडले. कामाला अशी धार चढलेली बघून बरं वाटलं. फायनान्सचे सहकारी दारातून डोकावून म्हणाले, काय, मासळीबाजार का? त्यांच्या डोळ्यांत मी खुपतो. यांच्या वर्गात कधी कुणी भांडलेलं ऐकलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
ताप, एकशे एक. तास बुडाला. मुलांना निरोप पाठवला की माझ्या नोट्स वाचा. माझ्याशिवाय दोन तास त्यांना खायला उठतील.

७ ऑगस्ट, गुरुवार
बरा. कॉलेजात गेलो तर कळलं, मंगळवारी मुलं वर्गात थांबलीच नाहीत. सगळी जिन्यात मावशींबरोबर बसली होती. पूर्ण दोन तास! शिवाय बादल्या वाहून बघितल्या. सात जणांच्या पाठी धरल्यात आणि स्लाइड लंगडतो आहे. मी नोट्स वाचल्या का विचारलं, तर एकमेकांकडे बघायला लागले.

पण-सर म्हणाली, पण सर, प्रश्न ट्रॉलीचा नाहीच, ती पाटी... मी थांबवलं. पाटी, बोर्ड, बॅनर हे सगळं ब्रँडिंगच्या टप्प्यात. आधी प्रॉडक्ट. पोरगी हुशार आहे, पण घाई फार.

१२ ऑगस्ट, मंगळवार
वर्कशॉपमध्ये ट्रॉलीचं काम दिलं. वेल्डरने विचारलं, साहेब, ही सपाट जागेवर चालवायची की जिन्यावर? मी त्याला म्हटलं, तुम्ही वेल्डिंग बघा, डिझाइन आम्ही बघतो. त्याने खांदे उडवले. कारागीर माणसाला संकल्पना समजावणं सोपं नसतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
एक आनंदाची गोष्ट. हल्ली माझी मुलं सकाळी सातला कॉलेजात येतात! पाळी लावून येतात, म्हणे. वॉचमननेच सांगितलं. मी आलो तेव्हा चार जण बादल्या घेऊन जिना चढत होते, मागे मावशी रिकाम्या हाताने. म्हणजे प्रोटोटाइप यायच्या आधीच टेस्टिंग. कोर्स अंगात भिनला की असं होतं.

पण-सरने कॉरिडॉरमध्ये एक कागद पुढे केला, सर, फक्त सही हवी. ऑफिसवाले म्हणतात तुमचीच लागेल. म्हटलं, प्रॉब्लेम स्टेटमेंट पक्कं झाल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. कागद फाईलमध्ये ठेवला. ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. आदर असावा.

१९ ऑगस्ट, मंगळवार
ट्रॉली आली. निळी, चकचकीत, दोन्ही बाजूंना लोगो. तळमजल्यावर एका बोटाने ढकलली तर भुर्रकन पळाली. टाळ्या. मग जिन्यापाशी गेलो.

चाकं जिना चढत नाहीत. हे तत्त्वतः मला ठाऊक होतं.

चार मुलांनी ट्रॉली उचलून वर नेली. दुसऱ्या मजल्यावर ती कठड्यात अडकली. मावशी बादल्या वर ठेवून परत खाली आल्या आणि त्यांनी एका कोपऱ्याला हात दिला. "जरा तिरकी धरा, सर," म्हणाल्या. तिरकी धरल्यावर निघाली.

२० ऑगस्ट, बुधवार
अपयश नव्हे, पिव्हट, म्हणजे दिशाबदल. ट्रॉली वर पोचली आहे आणि वर सपाट आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्यापुरता प्रश्न सुटलेला आहे. आता फक्त पाणी तिसऱ्या मजल्यावर पोचायला हवं.

२३ ऑगस्ट, शनिवार
हिने सांगितलं, मावशी महिनाअखेरीस काम सोडतायत. मुलं बादल्या उचलतात, पण परीक्षा आल्या की कोण येणार, आणि पोरांच्या पाठी मोडून मला पगार घ्यायचा नाही, असं म्हणाल्या. चौदा वर्षं झाली त्यांना.

मी म्हटलं, चौदा? मला वाटायचं मागच्या वर्षी लागल्या.

जेवण गेलं नाही. कोर्स बंद होणार, रजेचे अर्ज शिकवायचे, हे सगळं डोक्यात होतंच. पण खोटं कशाला लिहू, त्यापेक्षा जास्त वाईट मावशींचं वाटलं. ट्रॉली अडकली तेव्हा दुखऱ्या गुडघ्याने त्या पुन्हा खाली उतरून आल्या होत्या. मला ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

हिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, त्यांना विचारलंस का? मी म्हटलं, सोमवारी विचारतो.

२५ ऑगस्ट, सोमवार
विचारायचं राहिलं. लिफ्टचं दार बंद होता होता त्या दिसल्या. हात केला.

२६ ऑगस्ट, मंगळवार
वर्गाला सरळ विचारलं, आता काय करायचं? अशी वेळ माझ्यावर बावीस वर्षांत आली नव्हती. मग पण-सर म्हणाली, सर, पुढच्या मंगळवारच्या प्रेझेंटेशनमध्ये सांगतो. मावशींना आम्ही तेवढे दिवस थांबायला सांगितलंय. वाक्यात 'पण' नव्हता. मला थोडी धास्ती वाटली.

२ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी
सगळं जसं झालं तसं लिहितो.

डायरेक्टर मॅडम पहिल्या रांगेत. शेजारी फायनान्सवाले, आमंत्रण नसताना. मावशींना मुलांनी खुर्चीवर बसवलं होतं. मी पंचवीस मिनिटांचं प्रास्ताविक काढलं होतं, मॅडम म्हणाल्या दोन मिनिटांत आटपा.

स्लाइडने एकच स्लाइड लावली. फोटो. आपल्या लिफ्टशेजारची पितळी पाटी. 'ही लिफ्ट फक्त अध्यापक व पाहुण्यांसाठी आहे. बादल्या, झाडू वा अन्य सामान नेऊ नये. आदेशावरून, अध्यक्ष, शिस्त व स्वच्छता समिती.'

रोज त्या पाटीसमोर उभा राहतो मी. वाचली आज.

पण-सर बोलली. म्हणाली, आम्ही मावशींना विचारलं, काय केलं तर बरं होईल? त्या म्हणाल्या, लिफ्टमधून बादल्या नेऊ दिल्या तर पुरे, बाकी काही नको. वॉचमन पाटीकडे बोट दाखवतात. ऑफिस म्हणतं, समिती बरखास्त झाली, ज्यांनी पाटी लावली त्यांची सही आणा. एवढंच आहे, मॅडम. आमचा प्रोजेक्ट दोन स्क्रूंचा आहे.

मॅडमनी विचारलं, अध्यक्ष कोण होतं?

एकतीस मुलं स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. कुणीही नाव सांगितलं नाही. फायनान्सवाले मात्र माझ्याकडे बघत होते, आणि चांगलेच खुशीत होते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. लिफ्टमध्ये एक बादली हिंदकळली आणि माझ्या पँटवर पाणी उडालं. पँट नवी होती. त्याच दुपारी मी ठराव मांडला, आणि माझं बोलणं संपेपर्यंत कुणाला हरकत घ्यायला वेळच मिळाला नाही. मी विसरूनही गेलो. मावशी अकरा वर्षं जिना चढत राहिल्या.

मी उभा राहिलो. एवढं लाजल्यासारखं मला आयुष्यात झालं नव्हतं. म्हटलं, "अध्यक्ष मी होतो. बादली तुमचीच होती का, मावशी?"

"हो, सर," मावशी म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हणत होते, पँट द्या, धुऊन आणते. तुम्ही ऐकलंच नाहीत."

फाईलमधला कागद काढून सही केली. मग सगळे खाली आलो. स्क्रू मीच काढणार म्हटलं. पहिला निघाला, दुसरा गंजलेला. मी जोर लावला तर स्क्रूड्रायव्हर सटकला आणि बोट सोललं. मावशींनी स्क्रूड्रायव्हर घेतला, एकदा उलटा, एकदा सुलटा फिरवला, आणि पाटी त्यांच्या हातात आली. घड्याळात बघितलं, चार मिनिटं लागली होती.

मग वर जाऊन ट्रॉली लिफ्टमध्ये घालून बघितली. दारापेक्षा चार बोटं रुंद आहे.

३ सप्टेंबर, बुधवार
मावशी थांबणार आहेत. आज त्या आणि सहा बादल्या दोन खेपांत वर गेल्या. वॉचमनने त्यांनाही सलाम ठोकला.

मॅडम म्हणाल्या, अट पूर्ण झाली, कोर्स कायम. पुढच्या वेळी पहिले तीन तास वर्गात घ्यायचे नाहीत, बाहेर माणसांत घ्यायचे, आणि त्यात आपण बोलायचं नाही. केंद्राचं विचारलं. म्हणाल्या, बघू. ट्रॉली ग्रंथपालांनी मागून नेली, पुस्तकांसाठी उत्तम आहे म्हणे. म्हणजे एका प्रयत्नात दोन लाभार्थी. हे मॅडमना मेलने कळवलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
फीडबॅक फॉर्म आले. 'सर्वांत उपयोगी तास कोणता?' एकतीसपैकी अठ्ठावीस जणांनी एकच तारीख लिहिली, पाच ऑगस्ट. एवढं एकमत मी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवशी मी नेमकं काय शिकवलं होतं ते आठवेना, म्हणून ही वही उघडली.

वही मिटली. उरलेल्या तिघांनी रकाना रिकामा सोडलाय. त्यांना निवड करता आली नसावी.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.५०
आज ठरवून गेलो. नवा माणूस व्हायचं, विचारायचं आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. लिफ्टमध्ये मावशी होत्या, दोन बादल्या होत्या. मी पँट सावरून कोपऱ्यात उभा राहिलो. गुडघा कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणाल्या, डॉक्टरबाईंनी दिलेला व्यायाम करते. मग विचारलं, मावशी, कामात आणखी काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा. मध्ये बोलणार नाही.

त्यांनी विचार केला. आहे एक, म्हणाल्या, पण राहू दे. मी आग्रह केला. तेव्हा म्हणाल्या, बाकीच्या सरांचा तास सुटला की मुलं धूम पळतात, वर्ग लगेच झाडता येतो. तुमच्या तासानंतर मात्र बरीचशी जागेवरून हलत नाहीत. दहा दहा मिनिटं बसून असतात. माझं काम अडतं.

माझा ऊर भरून आला. बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सहकाऱ्यांनी सांगितलं नाही, मॅडमनी नाही, घरी तर नाहीच. विचारल्याशिवाय कळत नाही म्हणतात ते हेच. विद्यार्थी बसून राहतात! मनात विषय घोळत असतो, पाय निघत नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते आरशात दिसू नये म्हणून दाराकडे तोंड केलं.

म्हटलं, मावशी, तुम्हाला काय वाटतं, का बसत असतील?

लिफ्ट थांबली. मावशींनी बादल्या उचलल्या.

"झोप लागलेली असते, सर. मी हलवून उठवते."

नोंद: माझे तास दुपारी जेवणानंतर लावलेले आहेत. वेळापत्रक समितीशी आजच बोलायला हवं.